'कष्टसाध्य' घर की 'कष्टार्जित' घर? आईच्या मानपत्रातलं एक वाक्य अडलंय

सुदामानगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका शब्दाचा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय उलगडणार नाही. तेवढं सोसा.

पुढच्या महिन्यात आमच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने. गुरुजींनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना, म्हणून मोबाइलवर २९.५३ ला हजारानं गुणून, वर्षांत भागून पाहिलं. गुरुजी बरोबर होते. भावंडांनी ठरवलं की मानपत्र मराठीतच द्यायचं आणि ते मी लिहायचं. कारण एवढंच की दिवाळी अंक घरात मी एकटा वाचतो. शाळा-कॉलेज सगळं माझं हिंदी माध्यमातलं. मराठी घरातली, देवघरापासून ओट्यापर्यंतची. तेवढी मानपत्राला पुरत नाही, हे आता कळतंय.

वाक्य असं लिहिलंय:

"वडिलांची मिल बंद पडल्यावर मातोश्रींनी १९९२ साली डबे देण्यास सुरुवात केली आणि बारा वर्षांत सुदामानगरात कष्टसाध्य घर बांधले."

मोठ्या हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकलं. पुण्याच्या आतेभावाचं दोन मिनिटांत उत्तर: "घर बांधून झालंय ना? मग कष्टसाध्य कसं? कष्टार्जित म्हण." त्यावर वहिनी, त्याही पुण्याच्याच: "कष्टार्जित पैसा असतो, घर नसतं." माझी बायको मल्हारगंजची. ती म्हणाली, "कष्टाचं घर लिहा आणि जेवायला चला, वरण निवतंय."

आता सांगा, चूक नेमकी कुठे आहे? मला तर कष्टसाध्य म्हणजे कष्टानं साध्य केलेलं असंच वाटत होतं. 'ध्येय साध्य केलं' म्हणतोच ना आपण?

आणखी एक शंका, जी पुण्याच्या लोकांना येणारच नाही. इथे कानावर चोवीस तास हिंदी. हिंदीतलं 'कष्ट' म्हणजे त्रास, यातना. 'पधारने का कष्ट करें', 'पेट में कष्ट है'. त्यामुळे मानपत्र ऐकायला बसलेल्या शेजारच्या मालवी मंडळींना 'कष्टसाध्य घर' म्हणजे काहीतरी दुखणं वाटेल की काय, अशी धास्ती आहे. लहानपणी मला 'कष्टकरी' हा शब्द वर्तमानपत्रात भेटला तेव्हा मी तो हिंदीतला 'कष्टकारी' समजलो होतो. त्रास देणारे लोक! मोर्चाची बातमी होती, त्यामुळे अर्थ बसलासुद्धा.

मानपत्र छापायला मंगळवारी द्यायचंय.


मास्तर_रामबाग

दादा, तुमच्या आतेभावाचं बरोबर आहे, फक्त त्यानं कारण सांगितलं नाही. पुण्याचे लोक कारण सांगत नाहीत, निकाल सांगतात. (मी स्वतः चार वर्षं पुण्यात काढलीत, म्हणून बोलतोय.)

दोन्ही शब्दांची बांधणी एकच. कष्टाने साध्य ते कष्टसाध्य, कष्टाने अर्जित ते कष्टार्जित. दोन्ही तृतीया तत्पुरुष. फरक आहे तो शेपटात. 'अर्जित' म्हणजे मिळवलेलं, काम झालेलं. लिखित, रचित, पठित यांच्या पंगतीतलं. 'साध्य' मात्र त्या पंगतीतलं नाही. ते त्याज्य, पूज्य, वाच्य यांच्या पंगतीत बसतं. त्याज्य म्हणजे टाकलेलं नव्हे, टाकण्याजोगं. तसं साध्य म्हणजे साधण्याजोगं, साधता येईल असं.

वर्गात मी हे वेगळ्या उदाहरणानं सांगत असे. 'वाचनीय पुस्तक' आणि 'वाचलेलं पुस्तक'. माझ्या कपाटात वाचनीय पुस्तकं पुष्कळ आहेत. वाचलेली विचारू नका.

तेव्हा 'कष्टसाध्य घर' म्हणजे जे मिळवायला कष्ट पडतात असं घर. मिळालं की नाही, शब्द काहीच सांगत नाही. बांधून, वास्तुशांत होऊन, त्यात वीस वर्षं राहिल्यावर त्या घराला कष्टसाध्य म्हणणं म्हणजे जेवून हात धुतल्यावर 'जेवण खाण्याजोगं आहे' म्हणणं.

'ध्येय साध्य केलं' मध्ये भूतकाळ 'केलं'नं आणलाय, 'साध्य'नं नाही. मराठीत 'साध्य करणे' ही जोडी इतकी रुळली आहे की आपल्याला वाटतं झालेपण 'साध्य'मध्येच आहे. तुमची गफलत तिथे झाली. ती पुष्कळांची होते, वाईट वाटून घेऊ नका.

कष्टसाध्य कुठे शोभतं? ज्या गोष्टीचा स्वभावच कष्ट मागतो तिथे. "ख्याल गायकी ही कष्टसाध्य विद्या आहे." "मोडी वाचणं कष्टसाध्य खरं, पण अशक्य नाही." इथे कुणी मिळवलं का, हा प्रश्नच नाही. विद्या तशी आहे, एवढंच. श्रमसाध्य, प्रयत्नसाध्य ही याचीच भावंडं. प्रयत्नसाध्यला मी थोडं वेगळं वापरतो, 'उपजत'च्या समोर उभं करून: "तिचं अक्षर उपजत नाही, प्रयत्नसाध्य आहे." तिथे कष्टसाध्य लिहिलं तर बिचारीची बोटं दुखायला लागतात.

एकदा एका मुलानं निबंधात लिहिलं होतं, "माझा मित्र फार कष्टसाध्य मुलगा आहे." त्याला कष्टाळू म्हणायचं होतं. मी वहीच्या समासात लिहिलं, "म्हणजे नवसाचा का?" दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटायला आली.


छप्पनवाली

मास्तर, त्या आई काय म्हणाल्या ते अर्धवट सोडू नका ना 😄

सुदामानगरकर भिया, तुमच्या 'कष्टकारी'वर माझा उतारा. माझी आजी सारखी म्हणायची, "तुझ्या आजोबांनी या घरासाठी फार खस्ता खाल्ल्या." मी आठ वर्षांची असेन. मला वाटायचं, आजोबा किती भाग्यवान! आम्हाला महिन्यातून एकदा एक खस्ता कचोरी, ती पण दोघींत अर्धी.


मास्तर_रामबाग

हा हा. 'खस्ता' दोन्हीकडे फारसीतूनच आला. मूळ अर्थ थकलेला, घायाळ. मराठीनं त्यातला थकवा घेतला, कचोरीनं मोडकेपणा. आणि हिंदीतही 'हालत खस्ता हो गई' म्हणतातच की, म्हणजे तुमच्या आजीची खस्ता त्यांच्याकडेही आहे.

त्या आई म्हणाल्या, "सर, नवसाचाच आहे."


दस्तवाले_काका

वहिनींच्या आक्षेपाबद्दल बोलतो. कष्टार्जित फक्त पैशालाच लागतं हे खरं नव्हे. माझं उभं आयुष्य नाशिककडे वकिलांच्या हाताखाली दस्त लिहिण्यात गेलं. आता मुलीकडे इंदुरात असतो, सकाळी पोहे-जलेबी खातो (पोह्यांवर शेव आणि जीरावन, ही सवय लागायला वर्ष गेलं). महाराष्ट्रातल्या खरेदीखतात, मृत्युपत्रात हा शब्द रोजचा: "सदर मिळकत ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून..." मिळकत म्हणजे घर, शेत, प्लॉट काहीही. समोर जोडीचा शब्द 'वडिलोपार्जित'. हे दोन शब्द शोभेचे नाहीत. स्वकष्टार्जित असेल तर मालकाला मृत्युपत्र करून ती हव्या त्या माणसाला देता येते. वडिलोपार्जित म्हटलं की इतरांच्या हिश्श्याचा प्रश्न उभा राहतो. या एका शब्दावरून भाऊ-भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना पाहिलेत.

इथल्या रजिस्ट्रीत हिंदीत 'स्वअर्जित' लिहितात. अर्थ तोच, पण त्यातून कष्ट गळाले. मला विचाराल तर आपला शब्द भारी. कायद्याला कष्टाशी काय देणंघेणं, तरी दस्तात ते लिहून ठेवलंय.

तेव्हा बिनधास्त लिहा: "स्वकष्टार्जित घर उभे केले." आईंच्या नावावरच आहे ना?

लिहिताना 'र्जि' ऱ्हस्व. छापखानेवाले हमखास 'अर्जीत' करतात, कारण गरीब, वकील यांची सवय हाताला असते. हा संस्कृतातला शब्द, गणितासारखा, ऱ्हस्वच राहतो. वडिलोपार्जितात 'वडील'चा डीसुद्धा ऱ्हस्व होतो. मराठी वडील आणि संस्कृत उपार्जित यांचा असा संधी करणं पंडितांना पटत नाही म्हणे, पण वडिलांचं घर मिळालं की पंडितही तसंच लिहितात.


सुदामानगरकर (इंदूर)

मास्तर, काका, दोघांनाही नमस्कार. वाचनीय-वाचलेलं एकदम डोक्यात बसलं. माझं कपाटही तुमच्यासारखंच आहे.

घर आईच्याच नावावर आहे काका. २० बाय ३०चा प्लॉट, सहाशे चौरस फूट, २००४ साली गृहप्रवेश. 'स्वकष्टार्जित' वाचलं आणि अंगावर काटा आला. तिनं रोज ३५ डबे दिलेत. डब्याला सहा पोळ्या धरा, म्हणजे दोनशे दहा. मुलं बाहेरगावची, कुणी इंजिनीअरिंगचं, कुणी पीएससीची तयारी करणारं. सगळे तिला काकू म्हणायचे. सायकलवरून डबे पोचवायला मुलगा ठेवला होता. तो एका पावसाळ्यात न सांगता गावी निघून गेला, तेव्हा आई ४७ व्या वर्षी लूना शिकली. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पदर खोचून. पहिल्या आठवड्यात दोनदा पडली. एकदा डब्यांसकट. त्या दिवशी बारा मुलांना वरणाशिवाय जेवावं लागलं आणि आईनं त्या महिन्याच्या पैशातून त्यांचा तो दिवस कापून दिला. कुणी मागितलं नव्हतं.

मग मला प्रश्न पडला, लूना शिकणं हे कष्टसाध्य म्हणता येईल ना? मला तो शब्द सोडवत नाहीये. तिच्या वयाला, पाचवारीत, राजवाड्याच्या गर्दीतून.


मास्तर_रामबाग

येईल, आणि सुरेख येईल. "सत्तेचाळिसाव्या वर्षी लूना शिकणे ही कष्टसाध्य गोष्ट होती, ती त्यांनी पंधरा दिवसांत साध्य केली." आधी गोष्टीचा स्वभाव, मग तिचा निकाल. दोन्हीकडे 'साध्य' आलंय, पण खटकत नाही, उलट झेप दिसते. पंधरा दिवस मी ठोकून दिलेत, खरे किती ते घाला.


वैद्य_ताई

मास्तरांच्या मुद्द्याला आमच्या शास्त्रातून पुरावा देते. आयुर्वेदात रोगांची वर्गवारी आहे. चरकसंहितेत आधी साध्य आणि असाध्य, मग साध्याचे दोन: सुखसाध्य आणि कृच्छ्रसाध्य. कृच्छ्र म्हणजे कष्टच. असाध्याचेही दोन. एक याप्य, जो पथ्य-औषधानं ताब्यात राहतो पण जात नाही. दुसरा, ज्याला उपायच चालत नाही.

आता बघा, वैद्य हे कधी ठरवतो? उपचार सुरू करण्याआधी. रोग बरा होईल का आणि किती झगडावं लागेल, हा अंदाज म्हणजे 'कृच्छ्रसाध्य'. बरा होऊन घरी गेलेल्या माणसाला कुणी कृच्छ्रसाध्य म्हणत नाही. 'साध्य' कायम पुढे बघतं.

यावरून आठवलं, 'दुःसाध्य' जपून वापरा. तो कष्टसाध्याच्या पुढची पायरी आहे, जवळजवळ हात टेकलेले. माझ्याकडे एक गृहस्थ आले, म्हणाले, "माझी सर्दी दुःसाध्य आहे." तीन दिवसांची होती. आणि 'कष्टप्रद' आणखी वेगळं. ते त्रास देतं, बाकी त्यातून मिळत काहीच नाही. इंदूर ते खांडवा रस्ता पावसाळ्यात कष्टप्रद असतो, कष्टसाध्य नाही. अर्थात काही वर्षी दोन्ही असतो.


छप्पनवाली

एक लहान तोंडी मोठा घास. इतके जड शब्द कशाला? काकूंच्या सूनबाईंचं बरोबर आहे. 'कष्टाचं घर', 'घामाचा पैसा', 'कष्टाची भाकर'. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मला मानपत्र ऐकताना झोप येते ती या 'अर्जित'-'प्रदत्त'मुळेच.


मास्तर_रामबाग

ताईचा घास मोठा नाही, बरोबर आहे. 'चा-ची-चं' लावलेल्या शब्दात एक गंमत आहे: तो नामाबरोबर वाकतो. कष्टाचा पैसा, कष्टाची भाकर, कष्टाचं घर. तत्सम विशेषण ताठ उभं राहतं: कष्टार्जित पैसा, कष्टार्जित भाकर, कष्टार्जित घर. बोलण्यात वाकणारे बरे, ताम्रपटात ताठ बरे. भाकर मात्र कष्टार्जित म्हणू नका, घशाखाली उतरत नाही.

'कष्टार्जित कमाई'ही टाळा, आजकाल फार दिसतं. अर्जित म्हणजेच कमावलेलं. कमावलेली कमाई.

मी असतो तर एकदाच, नेमक्या जागी, 'स्वकष्टार्जित' ठेवला असता आणि बाकी सगळीकडे साधं लिहिलं असतं.


माळवी_मामा

माझे दोन पैसे. इथल्या हिंदीचं भय बाळगणाऱ्यांनी 'यातायात' विसरू नये. माझी आई म्हणायची, "एवढी यातायात करून रेशन मिळालं." आणि चौकात पाटी 'यातायात पुलिस', म्हणजे वाहतूक पोलीस. मला खरंच वाटायचं की हे पोलीस लोकांना यातायात करायला लावतात म्हणून हे नाव. पुढे गाडी चालवायला लागलो, तेव्हा मत बदलायचं काही कारण पडलं नाही.

'चेष्टा'चंही तेच, हिंदीत ती म्हणजे प्रयत्न. सासरेबुवा शुद्ध हिंदीवाले, लग्नाच्या बोलणीत म्हणाले, "हम पूरी चेष्टा करेंगे." आमचे काका रागावून उठलेच होते.


सुदामानगरकर (इंदूर)

मंडळी, मंगळवार आला आणि गेला. मानपत्र छापायला गेलंय, पण काल रात्री एक घोटाळा झाला तो सांगतो, कारण तो याच शब्दाचा आहे.

मास्तर आणि काकांच्या सल्ल्यानं पक्कं केलेलं वाक्य होतं: "मातोश्रींनी सुदामानगरात स्वकष्टार्जित घर उभे केले." छापायच्या आधी आईला एकदा वाचून दाखवावं असं बायकोनं सुचवलं. मला ते गुपित ठेवायचं होतं, पण बायकोपुढे चाललं नाही.

आई पोह्यांतले खडे निवडत ऐकत होती. लूनाच्या वाक्याला हसली. म्हणाली, "पंधरा नाही, महिना लागला. आणि पडले तीनदा, तिसऱ्यांदा तुम्हाला सांगितलं नव्हतं." मग घराचं वाक्य आलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"स्व म्हणजे?"

म्हटलं, "स्वतःच्या. तुझ्या एकटीच्या कष्टानं."

"मग खोडा ते. चार वाजता उठून कणीक कोण तिंबायचं?"

बाबा. बारा वर्षं, रोज सात-आठ किलो कणीक. मिल बंद झाल्यावर त्यांना कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नसे, म्हणून डबे पोचवायला ते कधी गेले नाहीत. पण अंधारात उठून, दिवा न लावता, परातीपाशी बसायचे. आम्ही उठेपर्यंत कणीक ओल्या फडक्याखाली झाकलेली असायची. मला खरंच वाटायचं की ती आईनं भिजवली आहे. घर आईच्या नावावर आहे, रजिस्ट्रीत स्वअर्जित लिहिलेलं आहे, त्यामुळे माझ्या डोक्यातही ते एकटीचंच झालं होतं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

काका, कागदोपत्री तुमचा शब्द बरोबरच आहे. पण मानपत्रात तो खोटा पडत होता. रात्री साडेअकराला छापखानेवाल्याला फोन केला, त्यानं आधी वैतागून "भिया, प्लेट बन गई" म्हटलं, मग मान्य केलं. आता वाक्य असं आहे:

"मिल बंद पडल्यावर मातोश्रींनी डबे सुरू केले. पहाटेची कणीक वडिलांची, पोळ्या मातोश्रींच्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी लूना शिकणे ही कष्टसाध्य गोष्ट होती. ती त्यांनी महिन्याभरात साध्य केली. सुदामानगरातले घर उभयतांच्या कष्टाचे आहे."

शेवटी 'कष्टाचे'च राहिलं. बायको काही बोलली नाही, फक्त वरण जरा जास्त वाढलं.

मास्तर, 'उभयतांच्या'वर अनुस्वार एकच ना? छापून आलं की शेवटचं तपासायला उद्या सकाळी जायचंय.


मास्तर_रामबाग

एकच, ता वर. आणि दुसऱ्या वाक्यातलं 'कणीक' दीर्घच ठेवा, तो कणिक करून ठेवेल. मीही येतो, छापखाना कुठला ते खाजगीत कळवा. चष्मे दोन असलेले बरे.